टॉवरची बंदूक



मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडलाय. कॉम्प्युटरवर बोलेन असं वाटलं असेल, पण मी आपल्या बंदुकीवर बोलणार आहे. गेले काही महिने ग्रुपवर त्यावरून जे झालं, ते एकदा समोरासमोर बोललेलं बरं.

आपण वर्गणी काढून शाळेच्या इतिहास दालनाला बंदुकीची प्रतिकृती दिली. आपला मॉनिटर त्यासाठी तीन महिने राबला. पाटी लागली, ‘शिवकालीन मराठा बंदूक’. फोटो आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होते. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची सवय, म्हणून फोटो मोठा करून पाहिला. चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘जी आर’ ही इंग्रजी अक्षरं आणि मागच्या बाजूला ‘टॉवर’.

हा जीआर मंत्रालयातला नव्हे! जॉर्ज रेक्स, म्हणजे राजा जॉर्ज. टॉवर म्हणजे लंडनचा टॉवर, तिथे इंग्रजांचं शस्त्रागार होतं. पहिला जॉर्ज गादीवर आला १७१४ साली. महाराज गेले १६८० साली. हे गणित कुलकर्णी गाईड न बघताही जमतं.

ही नक्कल ‘ब्राऊन बेस’ची, चकमकीच्या बंदुकीची. घोड्यात गारगोटी धरलेली असते, ती पोलादावर आपटते, ठिणगी पडते. आपल्या मावळ्यांची बंदूक तोड्याची. सुतळीची जळती जामगी एका चिमट्यात धरलेली, चाप ओढला की ती रंजकावर टेकते. दस्ता सरळ आणि सडपातळ, नळी दस्त्याला तारेने किंवा चामड्याच्या वादीने बांधलेली. चकमकीच्या बंदुकांच्या शिस्तबद्ध पलटणी आपल्याकडे ठळकपणे दिसतात त्या अठराव्या शतकात. पानिपतावर इब्राहिमखान गारदी, पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन. पावसाळ्यात जामगी विझायची, हे तोड्याच्या बंदुकीचं मोठं दुखणं. आपल्या साताऱ्याच्या पावसात काय होत असेल, कल्पना करा.

मला लागलं ते वेगळंच. फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजी फौजेने अजिंक्यतारा घेतला, तेव्हा कंपनीच्या शिपायांच्या हातात याच घराण्यातली बंदूक होती. ज्यांनी किल्ला घेतला त्यांचं हत्यार, त्याच किल्ल्याखालच्या शाळेत, आपण मुलांना महाराजांचं म्हणून दाखवत होतो.

मी हे ग्रुपवर लिहिलं आणि तिथेच चुकले. आधी मॉनिटरला फोन करायला हवा होता. सगळ्यांसमोर लिहिल्यामुळे तो दुखावला. ‘पैसे देताना दिसली नाहीस, चूक काढायला बरी आलीस,’ असं त्याने लिहिलं. (पैसे दिले होते, पण उशिरा. तेही खरंच.) नंतर तो ग्रुपमधून बाहेर पडला.

माझं माहेर आता सांगलीला. तिथे गेले तेव्हा मिरजेच्या एका सतारमेकरांना फोटो दाखवले. मिरजेतली सतारीची घराणी मूळची शिकलगारांची. हत्यारांचं काम आटलं तसे ते हात एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “लाकूड शिसवासारखं दिसतंय, दस्ता फार जाड ठेवलाय. स्क्रू बघा, फुलीचे आहेत.” फुलीचा स्क्रू विसाव्या शतकातला. माझ्यासारख्या इंजिनिअरला तो दिसला नव्हता. नळीला कानही नाही, म्हणजे बत्ती आत जायचं भोक पाडलेलंच नाही. अशा बंदुका आपल्या देशात बनतात आणि लढायांचे प्रसंग उभे करणाऱ्या परदेशी हौशी लोकांकडे बऱ्याचदा अशाच, कान न पाडता जातात. शाळेत ठेवायची तर कान नाही हे उत्तमच.

मग मी मॉनिटरच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला, तो बराच वेळ बोलला नाही. मी त्याला वाघनखांची गोष्ट सांगितली. जुलै २०२४ मध्ये ती लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात आली. अफझलखानाच्या वेळी वापरलेली हीच, असं सिद्ध करता येत नाही, हे ज्यांची ती आहेत त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानेच सांगितलंय. तरी आपण सगळे पाहायला गेलोच ना? तो म्हणाला, “म्हणजे बंदूक काढायची नाही?” मी म्हटलं, “अजिबात नाही. पाटी बदलू.”

नवी पाटी त्यानेच लिहिली. ‘इंग्रजी ब्राऊन बेस बंदुकीची आधुनिक प्रतिकृती. मूळ नमुना अठरावे शतक. अशा बंदुका ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने मराठ्यांविरुद्ध वापरल्या.’ शेजारी तोड्याच्या बंदुकीचं मोठं चित्र लावायचं ठरलंय, त्याची वर्गणी या वेळी मी वेळेवर दिली आहे.

मसुदा आम्ही बाईंना दाखवला. त्याने ‘प्रतीकृती’ लिहिलं होतं. बाईंनी लाल पेन काढलं, ती ऱ्हस्व केली आणि दोघांनाही दहा वेळा लिहून आणायला सांगितलं. माझं अजून व्हायचंय, बाई.