रोमची वाट कोणी मोकळी केली?

१९२२ च्या ऑक्टोबर महिन्यात फॅसिस्टांनी रोमवर चाल करून सत्ता बळकावली, असा एक समज रूढ आहे. खुद्द फॅसिस्टांनीच तो पुढे आवडीने जोपासला. वस्तुस्थिती मात्र वेगळी होती. सत्ता त्यांनी जिंकली नाही. ती त्यांच्या हाती देण्यात आली. ती कोणी दिली आणि का दिली, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीची गणना विजयी राष्ट्रांत झाली. परंतु सुमारे सहा लाख सैनिक गमावून पदरात काय पडले, हा प्रश्न जनतेला छळत होता. महागाई व बेकारी यांनी समाज ग्रासला होता. अशा वेळी २३ मार्च १९१९ रोजी बेनितो मुसोलिनीने मिलान येथे आपली संघटना स्थापन केली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत तिला एकही जागा मिळाली नाही; समाजवादी पक्षाने मात्र १५६ जागा जिंकल्या.

मग तीनच वर्षांत चित्र पालटले कसे? १९२० च्या सप्टेंबरात उत्तरेकडील कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले. पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना प्रबळ झाल्या. भयभीत झालेल्या जमीनदारांना व कारखानदारांना काळ्या डगलेवाल्यांच्या टोळ्या तारणहार वाटू लागल्या आणि त्यांनी पैसा पुरवला. या टोळ्यांनी कामगारांची सभागृहे जाळली, सहकारी संस्था मोडल्या, विरोधकांना बळजबरीने एरंडेल पाजले. अनेक ठिकाणी पोलीस बघत राहिले.

वयोवृद्ध मुत्सद्दी जोलित्ती याने हे बळ समाजवाद्यांविरुद्ध वापरून घेण्याचा हिशेब केला. १९२१ च्या निवडणुकीत त्याने फॅसिस्टांना आपल्या आघाडीत घेतले व त्यांचे ३५ प्रतिनिधी संसदेत पोहोचले. भस्मासुराला वर मिळाला तो असा. तिकडे समाजवादी पक्ष फुटला होता, आणि त्याचे कॅथलिकांच्या लोकपक्षाशी जमत नव्हते.

ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस रोमच्या दिशेने निघालेल्या टोळ्या पावसात भिजलेल्या आणि तुटपुंज्या शस्त्रांनिशी होत्या. पंतप्रधान फाक्ता याने लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने त्यावर सही नाकारली. मिलानमध्ये वाट पाहणारा मुसोलिनी रात्रीच्या आगगाडीने आला आणि ३० ऑक्टोबरला रीतसर पंतप्रधान झाला. संसदेने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी विश्वास दर्शविला. त्यात जोलित्तीचेही मत होते. या माणसाला सत्तेची जबाबदारी शहाणा करील, असे या अनुभवी मंडळींना वाटत होते.

१९२३ च्या कायद्याने सर्वाधिक मते मिळविणाऱ्या यादीला, ती पंचवीस टक्के असली तरी, दोनतृतीयांश जागा बहाल केल्या. १९२४ च्या निवडणुकीतील दहशत संसदेत उघडी पाडणारा समाजवादी नेता मात्तेओत्ती याचे १० जून रोजी अपहरण होऊन खून झाला. विरोधकांनी सभागृहावर बहिष्कार घातला; राजा पुन्हा स्वस्थ बसला. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने घडल्या प्रकाराची सारी जबाबदारी भर संसदेत उघडपणे स्वीकारली, आणि त्याला कोणीही हात लावला नाही. १९२६ अखेर इतर सर्व पक्ष बरखास्त झाले होते.

त्याच राजाने २५ जुलै १९४३ रोजी मुसोलिनीला पदच्युत केले. पण तोवर देश युद्धात होरपळून निघाला होता. २ जून १९४६ रोजी इटलीच्या जनतेने मतदान करून राजेशाहीच संपुष्टात आणली.