एकोणचाळीस डॉलर आणि साठ सेंट्स

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवलेल्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ या चित्रपटानंतर केलेले भाषण)



चित्रपट संपल्यावर लोकांना भूक लागलेली असते, आणि खाली गरम बटाटेवडे तयार आहेत हे मला ठाऊक आहे. तेव्हा पंधरा मिनिटांत आटोपतो. मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, वेळेचा आणि पैशांचा हिशेब चुकू देत नाही.

आत्ता आपण पाहिला तो चित्रपट १९३४ सालचा. दिग्दर्शक फ्रँक काप्रा, नायक क्लार्क गेबल, नायिका क्लॉडेट कोल्बर्ट. अशा चित्रपटांना अमेरिकेत ‘स्क्रूबॉल कॉमेडी’ म्हणतात. त्यांच्या बेसबॉलमध्ये नेहमीपेक्षा उलट्या दिशेला वळणारा एक चेंडू असतो, तो स्क्रूबॉल. आपण गुगली म्हणू या. सगळं सरळ चाललंय असं वाटावं आणि चेंडू भलतीकडेच वळावा, तशा या गोष्टी.

मधल्या वेळात ज्यांचा डोळा लागला होता (नावं घेत नाही!), त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एली ही कोट्यधीश बापाची लाडावलेली लेक. बापाच्या मनाविरुद्ध तिने एका वैमानिकाशी लग्न केलंय. बाप तिला मायामीला बोटीवर अडकवून ठेवतो, तर ती सरळ पाण्यात उडी मारून पळते आणि न्यूयॉर्कची बस पकडते. बसमध्ये तिला भेटतो पीटर, नुकतीच नोकरी गेलेला बातमीदार. पाऊस, चोरीला गेलेली बॅग, वाहून गेलेला पूल, सगळं होतं. रात्री एकाच खोलीत राहायची वेळ येते, तेव्हा पीटर मधोमध दोरी बांधून तिच्यावर ब्लँकेट टाकतो. म्हणतो, ही जेरिकोची भिंत. बायबलमधली ती भिंत तुताऱ्यांच्या आवाजाने कोसळली होती. आपला गडी म्हणतो, माझ्याजवळ तुतारी नाही, निर्धास्त झोप.

‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है कि मानता नहीं’ ज्यांनी पाहिलेत त्यांना हे ओळखीचं वाटलं असेल. राज कपूर-नर्गिस १९५६ मध्ये आणि आमिर खान-पूजा भट्ट १९९१ मध्ये याच वाटेने गेले. मूळ चित्रपटाला १९३५ मध्ये ऑस्करची पाचही मोठी बक्षिसं मिळाली: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा. पाचही एकाच चित्रपटाला मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. काळ लक्षात घ्या. अमेरिकेत महामंदी होती. मार्च १९३३ मध्ये तर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या होत्या. त्यानंतर वर्षाच्या आतच हा चित्रपट आला. बसमध्ये एका मुलाची आई उपाशीपोटी बेशुद्ध पडते आणि या दोघांकडची उरलीसुरली नोटही तिथेच जाते, ते त्या काळचं खरं चित्र. अशा दिवसांत एलीला शोधून देणाऱ्याला बाप दहा हजार डॉलर जाहीर करतो. बसमधला एक बडबड्या प्रवासी तर लगेच निम्मा वाटा मागायला येतो.

पुढे गैरसमज होतो. पीटर रात्रीच पैशांची सोय करायला निघून जातो, एलीला वाटतं हा टाकून गेला, आणि ती बापाकडे परतते. मग पीटर बापाला कळवतो की, तुमच्या मुलीसंबंधी पैशांचं काम आहे. बापाला वाटतं, आला बक्षीस मागायला. एलीलाही तेच वाटतं आणि तिचं मन विटतं.

आणि हा पठ्ठ्या येऊन खिशातून काय काढतो? खर्चाचा कागद! रोख खर्च ८.६० डॉलर, ओव्हरकोट १५, सूटकेस ७.५०, हॅट ४, तीन शर्ट ४.५०. एकूण ३९.६०. पेट्रोलसाठी हे सगळं विकावं लागलं म्हणतो. वर सांगतो, आतले कपडे आणि मोजेही विकले, पण ते धरले नाहीत! मी बेरीज तपासली, बरोबर आहे. आयुष्यात इतकी टी.ए. बिलं पास केली, पण असं बिल एकही आलं नाही.

बाप मुरलेला व्यापारी. दहा हजार सोडून एकोणचाळीस डॉलर मागणारा माणूस कोण आहे हे त्याला त्या क्षणी कळतं. म्हणून तर तो लग्नाच्या मांडवात, मुलीला वेदीकडे नेता नेता, कानात सांगतो की मागच्या फाटकाशी गाडी उभी आहे, पळ! ब्लँकेटची भिंत शेवटी पडते, पण मला विचाराल तर ती त्या कागदानेच पाडली.

आता एक घरचा किस्सा. संबंधितांची परवानगी घेतली आहे, ते तिसऱ्या रांगेत बसून हसतायत.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या बेडरूमच्या भिंतीला वरून ओल आली. कपाटाची मागची फळी फुगली. मी रागारागाने कमिटीला पत्र दिलं आणि वरच्या शेजाऱ्यांकडून ४८,००० रुपये मागितले. त्यात अख्ख्या घराचा रंग होता, नवं कपाट होतं, आणि ‘मानसिक त्रास’ही होता. त्यांनी उत्तर दिलं, गळती आमच्याकडून नाहीच. झालं! चौदा महिने आम्ही बोललो नाही. लिफ्टमध्ये एकत्र आलो की दोघेही मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहायचो. गणपतीच्या आरतीला दोघं दोन टोकांना.

त्या दिवसांत मुलीने हा चित्रपट आणून दिला. तो कागदाचा प्रसंग आला, मी टाळी वाजवली. तेव्हा सौ. शांतपणे म्हणाल्या, “अहो, आपला खरा खर्च किती झाला होता?”

मला उत्तर देता येईना. रात्री कागद घेऊन बसलो. प्लास्टर १,८५०, एका भिंतीचा रंग १,५००, सुतार ८००. एकूण ४,१५०. ब्रश घरचाच होता, तो धरला नाही.

दुसऱ्या दिवशी जिना चढून गेलो आणि तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, “साहेब, गळतंय आमच्याकडूनच, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. पण तुमचे ४८ हजार वाचले आणि माझंही डोकं फिरलं. मग कबूल करायची सोयच राहिली नाही.”

मंडळी, चौदा महिने मी स्वतःला अन्याय झालेला माणूस समजत होतो. माझा आकडा खोटा होता, म्हणून समोरच्यालाही खोटं बोलावं लागलं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी पैसे दिले, महिनाभरात बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, आणि त्या दिवशीचा चहा मात्र तीन तास चालला.

आज आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. इमारतही आमच्यासारखीच म्हातारी होत चालली आहे. उद्या मोठ्या दुरुस्तीचा, परवा पुनर्विकासाचा विषय निघेल. कोणाला किती जागा, कोणाला किती भाडं, यावरून भिंती उभ्या राहतील. त्या वेळी एकच करा. सभेला येण्याआधी घरी बसून आपला खरा आकडा कागदावर लिहा. मोजे धरू नका.

वडे गार होतायत.