साहेबांचे टेन्शन आणि शिपायाचे हृदय
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



आरोग्यावर बोलायला डॉक्टरांना बोलवा, असे मी सचिवांना सांगून पाहिले. मी पाणीपुरवठ्याच्या खात्यातला डिप्लोमावाला उपयंत्री. पण या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आलो आहे, आणि त्यातला एक फार मोठा अभ्यास चक्क सरकारी नोकरांवरच झालेला आहे. म्हणून हे धाडस.

आपल्या दफ्तरांत एक समज पक्का बसलेला आहे. टेन्शन साहेबांना. फायली त्यांच्या, जबाबदारी त्यांची, वरून फोन आला की झापणी त्यांनाच; तेव्हा हार्ट अटॅकही त्यांनाच यायचा. शिपायाचे काय, सहा वाजले की सायकल काढून मोकळा. लंडनमध्ये हा समज तपासून पाहिला गेला. व्हाइटहॉल म्हणजे तिकडचे वल्लभ भवन समजा. 1967 पासून तिथल्या सुमारे 18 हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि पुढे अनेक वर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. डॉ. मायकेल मार्मट यांनी त्या आकड्यांचा अभ्यास केला, तर चित्र अगदी उलटे निघाले. निरोपे, दारवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त होते. मधल्या पायऱ्याही तशाच लागल्या होत्या. एकेक पायरी खाली उतरावे तसा धोका वाढत गेलेला.

तुम्ही म्हणाल, खालचे लोक सिगरेटी जास्त ओढत असतील. ओढत होतेच. पण सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही अर्ध्याहून जास्त फरक शिल्लक राहिला. बरे, यातले कोणी उपाशी नव्हते. पक्की नोकरी, आणि दवाखाना सगळ्यांना मोफत. 1985 पासून दुसरा अभ्यास झाला, त्यात 10,308 जण होते, स्त्रियाही होत्या. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. काय करायचे, केव्हा करायचे, कसे करायचे, हे सगळे ज्यांच्यासाठी दुसराच कोणी ठरवतो, त्यांना हृदयविकार जास्त. साहेबांकडे काम पुष्कळ असते हे खरे, पण दार बंद करून घ्यायचे की उघडे ठेवायचे हे तेच ठरवतात. घंटी वाजली की शिपायाला उठावेच लागते.

आता ही घंटी हृदयापर्यंत पोहोचते कशी? मेंदूत आत बदामाच्या आकाराचा एक भाग आहे, अमिग्डाला. त्याचे नावही ग्रीक भाषेतल्या बदामावरूनच पडले आहे. धोक्याची चाहूल लागली की तो हायपोथॅलॅमस नावाच्या भागाला जागे करतो, तो पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, आणि ती मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना. आपल्या फायलीसारखाच प्रवास, फक्त वेगाने. तिथून कॉर्टिसॉल रक्तात सुटते. साखर वाढते, सोबत ॲड्रिनलीनने नाडी आणि रक्तदाब वाढलेला असतोच, आणि पचनासारखी सावकाशीची कामे मागे पडतात. कुत्रा मागे लागला असेल तर ही व्यवस्था उत्तमच आहे.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढले की गोळा वर येतो आणि पाणी बंद होते. मेंदूतही ही सोय आहे. रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे झाले की हायपोथॅलॅमस आणि आठवणींचे काम पाहणारा हिप्पोकॅम्पस, दोघांना ते कळते आणि ते पुढचा पुरवठा थांबवतात. पण कुत्रा महिनोन्महिने मागे लागलेलाच राहिला, म्हणजे कर्ज, कोर्टाची तारीख, घरातले आजारपण, रोजचा अपमान, तर बॉलकॉक नीट बसेनासा होतो. पाणी वाहत राहते आणि भिंतीत ओल मुरते. ती कोणाच्या साखरेत दिसते, कोणाच्या रक्तदाबात, कोणाच्या झोपेत. आपण रंग देत बसतो. (रंगही द्यावाच, कोणी उद्यापासून बीपीची गोळी बंद करू नका. माझ्या नावावर ते पाप नको.)

माणसांची सोबत इथे काय करते, ते आता पाहू. 2006 साली अमेरिकेत जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवले आणि पायाला विजेचा हलका झटका बसेल अशी सूचना देत राहिले. एकदा हात मोकळा, एकदा अनोळखी माणसाच्या हातात, एकदा नवऱ्याच्या हातात. नवऱ्याचा हात धरला की मेंदूतली धोक्याची धावपळ सर्वांत कमी झाली. परक्या हातानेही थोडा फरक पडला. आणि ज्यांचा संसार जास्त समाधानाचा, त्यांच्यात तर थेट हायपोथॅलॅमससुद्धा जास्त शांत राहिला. म्हणजे निरोप जिथून निघतो तेच टेबल. इथे जोडीने आलेल्यांनी आत्ता एकमेकांकडे पाहू नये, ही विनंती.

त्याआधी 1997 मध्ये पिट्सबर्गच्या शेल्डन कोहेन यांचा एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांनी 276 निरोगी लोकांच्या नाकात, अर्थात त्यांच्या संमतीने, सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. आधी प्रत्येकाच्या नात्यांची मोजणी केली होती. नवरा-बायको, आईवडील, मुले, सासरची माणसे, शेजारी, सहकारी, मित्र, देवळातली माणसे, मंडळातली माणसे, असे एकूण बारा प्रकार. पंधरा दिवसांतून एकदा तरी बोलणे होत असेल तरच ते नाते धरायचे. सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या तुलनेत तीन किंवा कमी प्रकार असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला. विषाणू सगळ्यांच्याच नाकात गेला होता, हे लक्षात घ्या. मात्र नाते म्हणजे गोडवाच असे नाही. याच कोहेन यांच्या दुसऱ्या अभ्यासात, महिनाभराहून जास्त चाललेल्या घरगुती किंवा मित्रांमधल्या भांडणाने सर्दीचा धोका वाढलेला दिसला.

हा पंधरा दिवसांचा नियम लावून आपापली वही उघडून पाहा. मी पाहिली. अलिराजपूरला बदली झालेला माणूस, मुलांच्या शाळेसाठी कुटुंब इंदूरला: शेजारी गेले, मंडळ गेले, मित्र गेले. उरले सहकारी आणि रात्रीचा एक फोन. निवृत्तीच्या दिवशी तर शाल, श्रीफळ आणि हार गळ्यात पडतो, आणि त्याच संध्याकाळी 'सहकारी' हा रकाना रिकामा होतो. आपल्या समाजात मुले पुण्याला, बंगलोरला. जुना वाडा विकून फ्लॅट घेतलेला, तिथे शेजारी कोण हे दाराच्या पाटीवरूनच कळते.

आणि मग तो माणूस इथे, आपल्या मंडळात येतो. आपण काय करतो? खुर्ची पुढे करतो. "काका, तुम्ही बसा, आम्ही करतो." मनापासून आदराने म्हणतो. पण चाळीस वर्षे हिशेब सांभाळलेल्या माणसाच्या हातातून पावतीपुस्तक काढून घेतले, की लंडनच्या त्या शिपायाची अवस्था आपण त्याला आणली. आता सगळे दुसरेच ठरवणार.

1976 मध्ये अमेरिकेतल्या एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना सांगितले, तुमचे तुम्ही ठरवा, आणि हे रोपटे घ्या, याला पाणी तुम्ही घालायचे. दुसऱ्या मजल्यावर रोपटी दिली, पण पाणी परिचारिका घालणार. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त हुशारीत आणि आनंदात दिसले. दीड वर्षानंतर तिथले मृत्यूही कमी भरले. माणसे शंभराच्या आतच होती, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यांवर मी फार भर देणार नाही. पण रोपटी दोन्हीकडे होती. फरक झारी कोणाच्या हातात आहे, याचा होता.

विसर्जनानंतर कार्यकारिणीची बैठक आहे. तिथे मी एक सूचना मांडणार आहे. साठीच्या पुढच्या प्रत्येक सभासदाच्या नावासमोर एक काम लिहायचे, मानाचे नव्हे, खरे. भांडारघराच्या किल्ल्या, पुस्तकांची नोंदवही, वर्गणीची यादी, शिध्याचा हिशेब. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्याकडे फोन: दहा घरे वाटून द्यायची, दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी एक फोन. कोणते काम हवे हे ज्याचे त्याने सांगायचे, आणि कोणाला खरोखरच नुसते बसायचे असेल तर तेही त्यांनीच ठरवायचे. काम हळू होईल, दोन पावत्या चुकतील, आम्हा तरुणांची, म्हणजे पन्नाशीच्या आतल्यांची, थोडी चिडचिड होईल. सूचनेला एक अनुमोदक लागेल. समोरच्या रांगेतून कोणी हात वर केला तर बरे.