शेतकऱ्याच्या दोन वह्या
(मोहर्ली येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही वकील नव्हे, हिशेबनीसही नव्हे. जन्मभर मुलांना जमाखर्च शिकविला आणि उतारवयात आमच्याच घरचा जमाखर्च चुकला. ती चूक आपणांपुढे मांडण्यासाठी उभे आहोत.

“शेतीला आयकर नाही” हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते खरे आहे. शेतीउत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राकडे न देता राज्यांकडे ठेविला. १९६१ च्या आयकर कायद्यातील ही माफी १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही कायम आहे. परंतु शेती कशास म्हणावयाचे? बंगालमधील एका जंगलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्वाळा दिला की, नांगरणे, पेरणे, लावणे असे मूळ श्रम जमिनीवर झाले पाहिजेत. म्हणजे बांधीतले धान, कापूस, तूर ही शेती. रानात आपोआप आलेली मोहफुले व तेंदूपाने शेती नव्हे. घरच्या म्हशीचे दूधही करासाठी शेती नव्हे.

आमची चूक येथेच झाली. ताडोबा पाहावयास येणाऱ्या प्रवाशांसाठी चिरंजीवांनी शेतातच खोल्या बांधल्या, सफारीसाठी जिप्सी घेतली. धान विकल्याचे पैसे, खोल्यांचे भाडे आणि जिप्सीची कमाई हे सारे एकाच वहीत “शेती” म्हणून लिहिले गेले. पुढे विचारणा झाली, तेव्हा कोणता रुपया कोठला हे सांगता येईना. कर भरावा लागला, वर व्याजही. दोष आमच्या वहीचाच होता.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असून इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादेपलीकडे गेले, तर शेतीचा आकडा कराचा दर ठरविण्यापुरता त्यात मिळवितात. शेतीवर कर बसत नाही; पण इतर उत्पन्नावर चढा दर लागू शकतो. म्हणून शेतीचा आकडाही विवरणपत्रात दाखवावयाचा असतो.

यास्तव घरी दोन वह्या ठेवा. पहिलीत केवळ शेती: बियाणे, खते, मजुरी यांचा खर्च आणि बाजार समितीच्या पट्ट्या, सातबाऱ्यावर पीकपेऱ्याची नोंद वेळीच करून घ्या. दुसरीत दूध, भाडे, वाहन, पगार व बँकेचे व्याज. इतर उत्पन्न मर्यादेपलीकडे गेले, की सवलतीमुळे कर शून्य आला तरी विवरणपत्र भरावे.

बंधूंनो, देणे असलेला कर बुडवू नये, आणि देणे नसलेला कर केवळ भीतीपोटी भरू नये. दोन्हींपासून वाचविणारी वस्तू एकच, खरी वही. आपल्या मुलीसुनांना शाळेत जमाखर्च येतो. ती वही त्यांच्या हाती द्या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.