स्नेह्यांची अनुदिनी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



लिहिण्याजोगे पुष्कळ गाठीशी असूनही इंटरनेटच्या भानगडीत न पडणारे स्नेही आपणां प्रत्येकास आहेत. त्यांना अनुदिनी, म्हणजे ब्लॉग, उघडून देणे हे तासाभराचे काम. ती चालू राहील असे पाहणे मात्र वर्षानुवर्षांचे. तरुण सभासदांनी ते अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

खाते स्नेह्याच्याच नावे उघडावे व परवलीचा शब्द त्याच्याच वहीत असावा. किल्ली मदतनिसाकडे राहिली, की तो परगावी जाताच घर बंद! प्रत्येक लेखाची प्रत घरीही ठेवावी. जिओसिटीजवर असंख्य लोकांनी आपली पाने मांडली होती; २००९ साली याहूने जपानखेरीज सर्वत्र ती सेवा बंद केली, तेव्हा प्रती न ठेवणाऱ्या कित्येकांचे लेखन गेले.

भाषेला मात्र हात लावू नये. सुधारण्याचा मोह मोठा असतो, हे मी जाणतो. विष्णुभट गोडसे यांना सत्तावन्नच्या धामधुमीतील आपल्या प्रवासाची हकीकत लिहावयास चिंतामण विनायक वैद्यांनी प्रवृत्त केले, हे त्यांचे थोर उपकार. परंतु १९०७ साली ‘माझा प्रवास’ छापताना त्यांनी मजकुरात फेरफार केले. भटजींची मूळ वाणी वाचकांस मिळण्यास दत्तो वामन पोतदारांची १९६६ ची आवृत्ती निघावी लागली.

एखादे स्नेही चार चार महिने काहीच लिहीत नाहीत. त्यांना तगादा लावू नये. भेटीत सहज विचारावे, “काका, त्या विहिरीची गोष्ट लिहिलीत का?”