खाते कोणाच्या नावाचे?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आजचा विषय कार्यवाहबाईंनी फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत थोडी कुजबूज झाली, ती माझ्या कानांवर आली. श्रावण महिन्यात व्रतवैकल्यांवर बोलायचे सोडून ही बाई फोनचे काय घेऊन बसली, असा तिचा सूर होता. परंतु गेल्या दोन महिन्यांत याच सभागृहाच्या पायऱ्यांवर आठ-दहाजणींनी मला थांबवून एकच गाऱ्हाणे सांगितले आहे, आणि त्या सर्वजणी आज येथे हजर आहेत. तेव्हा विषय माझा नसून तुमचाच आहे.

गाऱ्हाणे असे. फोनवर किंवा टॅबवर एखादे ॲप नीट चालेनासे होते. ‘अपडेट करा’ अशी सूचना येते. आपण आज्ञाधारकपणे बोट ठेवतो, तो पडद्यावर एक चौकट उघडते. तीत कोणाचा तरी ईमेलचा पत्ता लिहिलेला असतो आणि खाली पासवर्ड मागितलेला असतो. तो पत्ता आपला नसतो, किंवा आपलाच पण बारा वर्षांपूर्वीचा असतो. तो पुसून आजचा घालावा म्हटले तर एक अक्षर हलत नाही. चौकट बंद केली तर घटकाभराने पुन्हा हजर, दुपारी दार वाजविणाऱ्या विक्रेत्यासारखी.

हा यंत्राचा बिघाड नव्हे, हे प्रथम लक्षात घ्या. आयफोन आणि आयपॅड यांच्यापुरते बोलते, कारण बहुतेक तक्रारी त्यांच्याच आहेत. ॲपल कंपनीने २००८ च्या जुलैत ॲप स्टोअर सुरू केले. तेथील ॲप फुकटचे असो वा विकतचे, ते ज्या खात्यावरून उतरवून घेतले त्या खात्याचे समजले जाते. पुढे यंत्र दुसऱ्याच्या हाती गेले, त्यावर नवे खाते आणून बसवले, तरी आधीच्या ॲप्सच्या पोटात आधीच्या धन्याचे नाव तसेच राहते. आपल्या मांडणीवरच्या भांड्यांसारखेच हे. लग्नात आलेल्या पातेल्यावर आत्याबाईंचे नाव घातलेले असते. ते चाळीस वर्षे आपल्या चुलीवर चढले तरी नाव आत्याबाईंचेच. फरक इतकाच, की पातेल्याला कल्हई करायची तर आत्याबाईंना विचारावे लागत नाही, आणि येथे विचारावे लागते. (या खात्याला पूर्वी ‘ॲपल आयडी’ म्हणत, २०२४ पासून ‘ॲपल अकाउंट’ म्हणतात. वस्तू एकच, घोटाळा करून घेऊ नका.)

आता आपल्या घरांतच हा प्रकार इतका का, ते पाहू. अमेरिकेतील मुलगा नवा आयपॅड घेतो आणि जुना आईसाठी घेऊन येतो. त्यावर खाते त्याचे. आठ दिवसांच्या मुक्कामात त्याला सतरा घरी जेवायला जायचे असते. खाते बदलायला वेळ कोठला? तो विमानात बसतो, आणि त्याचे नाव आपल्या दिवाणखान्यात राहते. काहीजणींचे खाते फोन विकणाऱ्या दुकानातील पोराने उघडून दिलेले असते. पासवर्ड त्याने एका चिठ्ठीवर लिहिला होता, ती चिठ्ठी खोक्यात होती आणि खोके दिवाळीच्या साफसफाईत गेले. आणि बऱ्याचजणींचे खाते यजमानांच्या नावाने आहे, कारण ‘हे सगळे तेच पाहतात’.

हे शेवटचे वाक्य मला फार ओळखीचे आहे. बँकेच्या खिडकीमागे मी एकतीस वर्षे बसले. ‘खाते यांच्या नावावर आहे, मी नुसती पैसे भरायला आले,’ हे मी किती तोंडांतून ऐकले असेल त्याची गणती नाही. शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानावे, हे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ठरविले. बँकेतही दोघांच्या नावे खाते उघडता येते, आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला ते चालविता येते. फोनच्या खात्यात असे जोडखाते नाही. तेथे नाव एकाचेच, किल्ली एकाचीच. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे, की जिच्या हाती यंत्र, तिच्याच नावाचे खाते हवे, तिच्याच फोननंबराशी बांधलेले हवे, आणि त्याचा पासवर्ड तिला स्वतःला ठाऊक हवा.

हे करायचे कसे? जुने खाते आपलेच असेल आणि केवळ पासवर्ड विसरला असेल, तर तो नव्याने ठरविता येतो. मात्र त्या खात्याशी जोडलेला नंबर किंवा ईमेल आपल्या हाती असला पाहिजे. तो नसेल तर खाते परत मिळविण्यासाठी अर्ज करावा लागतो आणि काही दिवस थांबावे लागते. घाई करून उपयोग नाही. जुने खाते परक्याचे असेल तर मार्ग निराळा. ते ॲप यंत्रावरून काढून टाकायचे, सेटिंग्जमध्ये वरती नाव दिसते त्यावर जाऊन ‘मीडिया अँड पर्चेसेस’ येथून जुन्या खात्याने बाहेर पडायचे, आपल्या खात्याने आत शिरायचे, आणि तेच ॲप पुन्हा उतरवून घ्यायचे. आता त्याच्या पोटात आपले नाव.

ऐकायला सोपे वाटते, आणि फुकटच्या साध्या ॲप्सच्या बाबतीत ते सोपे आहेही. पण आज घरी जाऊन भराभर ॲप्स पुसायला लागू नका. ॲप पुसले की त्यात साठविलेले लिखाणही जाते. रक्तदाबाची नोंद, भिशीचा हिशेब, पाककृतींची टिपणे असे जे त्या ॲपमध्येच लिहिलेले असेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. व्हॉट्सॲपला तर अगदी शेवटी हात लावा. त्याच्या संभाषणांची प्रत आयक्लाउडवर ठेवता येते खरी, पण आयक्लाउड म्हणजे खात्याचे कपाट. कपाटाचा धनीच बदलला तर नव्या धन्याला जुन्या कपाटातले काढता येत नाही.

दुसरा धोका जुन्या टॅबचा. फार जुने यंत्र असले की ॲपची नवी आवृत्ती त्यावर चालतच नाही. चालेल अशी शेवटची जुनी आवृत्ती तेवढी मिळते. पण तीही त्याच खात्याला मिळते ज्याने ते ॲप पूर्वी कधीतरी घेतले होते. कोऱ्या खात्याला नकार. म्हणजे जुन्या टॅबवरचे चालू ॲप आपण पुसले आणि नव्या खात्यावरून मागायला गेलो, तर हातचेही जाते. अशा वेळी आधी दुसऱ्या एखाद्या नव्या यंत्रावर आपल्या खात्यावरून ते ॲप एकदा उतरवून घ्यावे, म्हणजे आपल्या नावावर नोंद होते, आणि मग जुन्याकडे वळावे. ते जमणार नसेल तर आहे ते ॲप अपडेटविना तसेच चालू द्यावे. चौकट आली की बंद करावी. काही पाहुण्यांना आपण असेच वागवतो.

विकतच्या ॲप्सचे दुखणे अधिक. ती दुसऱ्या खात्यावर नेता येत नसत. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲपलने एका माणसाच्या जुन्या खात्यावरील खरेदी त्याच्याच दुसऱ्या खात्यावर नेण्याची सोय काढली. पण ती जाहीर झाली तेव्हा भारत तीतून वगळलेला होता. कुटुंबासाठी ‘फॅमिली शेअरिंग’ नावाची सोय २०१४ पासून आहे. सहा माणसांपर्यंत, प्रत्येकाचे खाते निराळे आणि खरेदी मात्र सामाईक. एकत्र कुटुंबात ज्याची त्याची ट्रंक वेगळी आणि कोठीघर एक, तसे हे. मात्र सर्वांची खाती एकाच देशाच्या दुकानाची हवीत. पुण्याची आई आणि न्यू जर्सीचा मुलगा यांचे कोठीघर एक होत नाही.

देशाचा हा मुद्दा आणखी एका ठिकाणी आडवा येतो. मुलाचे खाते अमेरिकेच्या दुकानाचे असते, आणि आपल्याकडील कित्येक बँकांची व सरकारी कामांची ॲप्स केवळ भारताच्या दुकानात मिळतात. ‘ॲप सापडतच नाही’ म्हणणाऱ्या दोघी-तिघींचे मूळ येथे आहे. खात्याचा देश बदलता येतो, पण त्याआधी त्यातली शिल्लक संपवावी लागते आणि चालू वर्गण्या बंद कराव्या लागतात. मुलाच्या खात्यावर हा उद्योग करण्यापेक्षा आपले नवे भारतीय खाते उघडणे शतपटीने बरे.

अँड्रॉइड फोनवाल्या भगिनींना फार वेळ धरून ठेवीत नाही. तुमच्याकडे अपडेटच्या वेळी ही अडचण कमी. तुमची गंमत फोन दुसऱ्याला देताना होते. २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशी व्यवस्था आली, की कोणी फोन आडमार्गाने कोरा केला तर तो आधीच्या गुगल खात्याचा पासवर्ड मागतो. चोराला अडविण्यासाठी ती चांगलीच आहे, पण आपल्या जुन्या फोनवर भाचीला अभ्यास करायचा असेल तर तीही अडते. म्हणून फोन देण्यापूर्वी सेटिंग्जमधून आपले खाते काढा आणि मगच तो कोरा करा. आणि एक. दोन वर्षे ज्या गुगल खात्याला कोणी हातच लावला नाही ते पुसून टाकायला गुगलने २०२३ च्या डिसेंबरपासून सुरुवात केली आहे. नातवाचे बारशाचे फोटो एखाद्या जुन्या खात्यात असतील, तर त्यात एकदा जाऊन या.

फोनचा नंबर बदलताना मात्र सर्वांनीच सावध असावे. बंद झालेला नंबर निदान ९० दिवस कोणाला दिला जात नाही, असे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यानंतर तो दुसऱ्याचा होऊ शकतो. मग आपल्या खात्याचा संकेत येणार त्या परक्याच्या फोनवर. तेव्हा जुना नंबर चालू आहे तोवरच बँकेत, आधारमध्ये आणि फोनच्या खात्यांत नवा नंबर लिहवून घ्यावा. नंतर खेटे घालावे लागतात, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला तुम्ही खऱ्या असूनही मदत करता येत नाही. मी त्या बाजूला बसलेली आहे.

आता थोडे जड बोलते. आमच्या गल्लीतील एका भगिनीचे यजमान गेल्या वर्षी वारले. तिच्या परवानगीनेच हे सांगते. त्यांचा फोन कुलूपबंद राहिला. आकडा त्यांच्याबरोबर गेला. तिच्या टॅबवरील सारी ॲप्स त्यांच्या जुन्या खात्यावरून घेतलेली, आणि त्या खात्याचा ईमेल कचेरीतला, ते निवृत्त होताच बंद झालेला. दर आठवड्याला अपडेटच्या चौकटीत त्यांचे नाव उगवे. पुसून टाक म्हणणारे पुष्कळ होते. तिला ते नाव जावेसे वाटेना, आणि औषधांची आठवण देणारे ॲप तर चालायला हवे होते. शेवटी आम्ही दोघी तीन दुपारी बसलो. आधी टॅबवरचे फोटो वायर लावून जावयाच्या संगणकावर उतरवले, मग तिचे स्वतःचे खाते उघडले, मग एकेक ॲप. पासष्टाव्या वर्षी पासवर्ड ठरविताना ती बराच वेळ विचार करीत होती. काय ठरवला ते मी विचारले नाही.

त्यांच्या फोनमधले मात्र काही हाती लागले नाही. त्यासाठी सोय माणूस हयात असतानाच करावी लागते. ॲपलमध्ये २०२१ च्या डिसेंबरपासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. आपल्या पश्चात त्या व्यक्तीने मृत्यूचा दाखला आणि आधी दिलेली किल्ली सादर केली की फोटो, पत्रे, टिपणे तिला मिळतात. पासवर्ड आणि विकत घेतलेली गाणी-पुस्तके मिळत नाहीत. गुगलमध्ये अशीच सोय २०१३ पासून आहे; खाते तीन ते अठरा महिने निश्चल राहिले की आपण नेमलेल्या माणसाला कळविले जाते. बँकेत नॉमिनी नेमतो त्यातलेच हे. नवराबायकोने एका संध्याकाळी समोरासमोर बसून एकमेकांचे नाव घालावे. लग्नात उखाण्यात घेतले होतेच.

शेवटी एका भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर देते. ‘मुलाने प्रेमाने दिलेल्या टॅबवरून त्याचेच नाव काढायचे, हे त्याला कसे सांगू?’ असे तिने विचारले होते. अहो, त्याला सरळ सांगा, की बाळा, वस्तू तुझी आठवण म्हणून राहील, खाते माझे असू दे. रविवारी अर्धा तास दे. पोरांना याचे वाईट वाटत नाही, उलट सुटल्यासारखे वाटते. त्याआधी टॅबवरचे फोटो दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण त्याच्या खात्यातून बाहेर पडताना आयक्लाउडवरचे फोटो टॅबवरून जातात. बाहेर पडायला त्याचा पासवर्ड लागतो. तो त्याने सांगावा आणि काम होताच बदलून टाकावा. कधीकधी सहा आकडी संकेतही त्याच्या फोनवर येतो, म्हणून दोघेही जागे असाल अशी वेळ धरा. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ. कॅलिफोर्नियातला असेल तर तिथे साडेसहाच वाजलेले असतात. त्याला थोडे झोपू द्या आणि तुम्ही जेवण आटोपून रात्री साडेनऊला बसा.