उंच घर आणि हलती धरणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणी वाडे-चाळी सोडून उंच इमारतींत राहावयास गेल्या आहेत. घर जितके उंच तितके भूकंपाचे भय अधिक, असे साहजिकच मनात येते. पण ही समजूत पुरती खरी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस कोसळली ती बहुतेक घरे बसकी, दगडमातीचीच होती.

मग उंच इमारत पडते कशाने? झोपाळ्याचे उदाहरण घ्या. प्रत्येक झोपाळ्याची आपली एक लय असते. त्या लयीत हलका हात लावीत गेले तरी झोका चढत जातो. इमारतीचेही तसेच. ठेंगणी इमारत भरभर हलते, उंच इमारत सावकाश. जमिनीची आणि इमारतीची लय जुळली की झोके वाढतात.

मेक्सिको शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या मऊ गाळावर वसलेला आहे. १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप तेथून सुमारे ३५० किलोमीटर दूर झाला. तरी तो गाळ दोन-दोन सेकंदांच्या झोक्यांनी डोलू लागला, आणि सर्वांत अधिक हानी झाली ती ६ ते १५ मजली इमारतींची. भूकंपाचा विचार करून खोल पायावर बांधलेला, १९५६ सालचा ४४ मजली लॅटिनोअमेरिकाना मनोरा मात्र उभा राहिला.

दुसरे कारण आपल्या दारातले आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छात भूकंप झाला, आणि २०० किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील पुष्कळांचा तळमजला वाहनांसाठी मोकळा होता. वरचे मजले भिंतींनी घट्ट, खाली नुसते खांब! बारीक पायांच्या स्टुलावर भरला हंडा ठेवून स्टूल हलवा. हंडा शाबूत राहतो, पाय मुडपतात.

म्हणून भगिनींनो, घर घेताना आपण ओट्याची फरशी निरखून पाहतो, तशीच खालच्या खांबांचीही चौकशी करावी. इमारत भूकंपाच्या नियमांप्रमाणे बांधली आहे काय, हे विचारण्यास संकोचू नये. खोली मोठी दिसावी म्हणून अभियंत्यास विचारल्यावाचून भिंत पाडू देऊ नये. खांबाला तर हातच लावू देऊ नये. जमीन हलू लागलीच तर लिफ्टकडे अथवा जिन्याकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली बसून डोके सांभाळावे, आणि हलणे थांबल्यावर जिन्याने उतरावे.

खांब एकीच्या खोलीत दिसला, तरी त्याच्यावर साऱ्या बिऱ्हाडांचा भार असतो. शेजारणीला हे सांगताना भिडेस पडू नका, एवढीच विनंती.